फ्लॅक घेतल्याने दबलेला आवाज वर येणार नाही

सिम्फनिक मेटलमध्ये, म्हणजे ऑर्केस्ट्रा आणि कॉयरची (समूहगायनाची) जोड असलेल्या हेवी मेटलमध्ये, गायिकेचा आवाज दबतो, म्हणून एमपी३ सोडून फ्लॅक (आवाजातलं काहीही न गाळणारी फाइल) घ्या, असा सल्ला काही जण देतात. तो मला पटत नाही. दोष फाइलचा क्वचितच असतो, बहुतेकदा मिक्स (सगळे आवाज एकत्र जुळवणं) आणि मास्टरिंगचा (त्यावरचा शेवटचा हात) असतो. डिस्टॉर्शन लावलेली (मुद्दाम खरखरीत केलेली) गिटार, व्हायोलिन, कॉयर आणि गायिकेचे शब्द, सगळ्यांची साधारण १ ते ४ किलोहर्ट्झच्या कंपनसंख्येच्या पट्ट्यात गर्दी होते. त्यात सगळं जोरात वाजावं म्हणून कम्प्रेशन (फाइल लहान करणं नव्हे, आवाजाचे चढउतार दाबणं) चढवलं की हळू आणि मोठ्या आवाजातला फरकच संपतो. मग कॉयर येतो, पण अंगावर काटा येत नाही.

नाइटविश या बँडच्या 'वन्स' अल्बमसाठी (२००४) लंडनमध्ये खरा ऑर्केस्ट्रा बसवला होता. तरी गिटार सुरू झाल्या की तंतुवाद्यांचा पोत हरवतो, आणि गायिका तार्याच्या वरच्या सुरांना हवा तेवढा मोकळेपणा मिळत नाही. फार वाईट वाटतं. त्यामानाने एपिका या बँडचा 'द क्वांटम एनिग्मा' (२०१४) ऐका. तोही जोरातच आहे, पण गायिका सिमोन सिमन्सचे शब्द कळतात आणि कॉयर तिच्या मागे नीट उभा राहतो.

आणि कृपया विरार लोकलमध्ये ऐकून निकाल देऊ नका. गाडीच्या खडखडाटात हळुवार जागा झाकल्याच जातात, तिथे कम्प्रेशनवाला अल्बमच बरा वाटतो. रात्री घरी, पंखा बंद करून ऐका. एकाच अल्बमच्या दोन आवृत्त्या ताडून बघताना दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्या, नाहीतर जी जोरात वाजते तीच चांगली वाटते.