रेझ्युमे नीट केला तर मुलाखतीला बोलावणं येतं का? नागपूरकरांनो, बोला

हिंगणा रोड

माझं मत आधीच सांगते, म्हणजे वाद घालायला सोपं जाईल. रेझ्युमे सुधारल्याने बोलावणं येतं. पण आपल्याकडे बहुतेक जण भलताच भाग सुधारत बसतात. रंग बदलतात, कडेला निळी पट्टी टाकतात, नवा फोटो लावतात, आणि कामाबद्दलच्या ओळी कॉलेजात असताना लिहिल्या तशाच राहतात.

मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका मध्यम कारखान्यात अकाउंट्स आणि स्टोअरसाठी आलेले अर्ज वाचते. निवड मी करत नाही, पण साहेबांच्या टेबलावर कुठले दहा-बारा कागद जातील ते मी ठरवते. इतवारी, गांधीबागेतल्या व्यापाऱ्यांकडे हिशेब पाहणारी मुलं-मुली यात खूप असतात. कागदावर काय असतं? ‘टॅली, एक्सेल. मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची तयारी.’ संपलं.

आणि फोनवर बोललं की कळतं, हा मुलगा दर महिन्याला ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न भरतो, २० च्या आत ३बी, म्हणजे कर भरण्याचं रिटर्न. खरेदीचं रजिस्टर २बी शी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांच्या जीएसटी यादीशी जुळवतो. ज्या पुरवठादाराने बिल दाखवलेलंच नाही त्याच्या मागे लागतो आणि मालकाचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, वाचवतो. अहो, आम्हाला नेमकं हेच काम करणारा माणूस हवा असतो! प्रत्येकाला फोन करायला माझ्याकडे वेळ नसतो, म्हणून तो मुलगा ‘मेहनती’ या शब्दामागे दडून राहतो आणि टेबलापर्यंत पोचतच नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं.

म्हणून म्हणते, गुण लिहू नका, केलेलं काम लिहा. किती बिलं, किती पुरवठादार, कुठलं रिटर्न, कुठलं सॉफ्टवेअर, चुकलेलं काय शोधून काढलं. जाहिरातीत ‘स्टॉक स्टेटमेंट’ हा शब्द असेल आणि तुम्ही ते काम करत असाल, तर तोच शब्द कागदावर यायला हवा. एकच कागद सगळीकडे पाठवू नका, निदान वरचा भाग तरी त्या त्या जागेसाठी बदला.

‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’चा परिच्छेद आणि शेवटचं ‘वरील माहिती खरी आहे’ हे प्रतिज्ञापत्र काढून टाका. वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, पासपोर्ट नंबर यांचीही गरज नाही. काही जण तर आधार क्रमांक लिहितात. तो कागद पुढे किती जणांच्या मोबाइलवर फिरतो याचा जरा विचार करा.

ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

मानेवाडा

ताई, तुमचं चूक नाही, पण तुम्ही टेबलाच्या त्या बाजूने बोलून राहिल्या. या बाजूने मी सांगतो. नागपुरात नोकरी कागदावर नाही लागत, ओळखीवर लागते. बुटीबोरीत माह्या ओळखीचे जितके पोट्टे लागले, ते सगळे कोणाच्या ना कोणाच्या सांगण्यावरून गेले. कोणाचा मामा सुपरवायझर, कोणाचा मित्र ठेकेदाराकडे. गेटवर गेले, नाव सांगितलं, आत घेतलं. रेझ्युमे नंतर मागितला, तोही फाइलीत लावाले.

आणि हा जो रेझ्युमेचा गवगवा आहे ना, त्याच्यावर लोकांचा धंदा चालू आहे. बुल्डीत झेरॉक्सवाला पोरांकडून पैसे घेऊन कोण्या दुसऱ्याचाच कागद नाव बदलून छापून देते. ऑनलाइनवाले हजारो रुपये घेतात. ज्या घरात कमावणारा एकच आहे त्या घरातल्या पोराले आपण काय सांगून राहिलो? की तुझा कागद वाईट आहे म्हणून तुले नोकरी नाही? कागद वाईट नाही ताई, जागाच कमी आहेत. एका जागेले शेकड्याने अर्ज. सगळ्यांनी कागद सुधारले तरी लागणार तर एकच. बाकीच्यांनी काय समजायचं?

टेस्टर मिहान

मानेवाडा भाऊंचं शेवटचं वाक्य मला पूर्ण पटतं. जागा वाढल्याशिवाय सगळ्यांचा प्रश्न सुटणार नाही, आणि हे मुलांना स्पष्ट सांगायला हवं. पण ओळखीचं म्हणणं सगळीकडे लागू होत नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. आमच्याकडे ओळखीने नाव सुचवता येतं, पण सुचवताना पोर्टलवर रेझ्युमेच चढवावा लागतो. पुढे तो वाचणाऱ्याला मी कोण आणि माझा मित्र कोण, काही माहीत नसतं.

फॉरमॅटबद्दल ताईंनी थोडक्यात उरकलं, माझ्या मते तिथेही नुकसान होतं. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी एटीएस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये जातो. ते कागदातला मजकूर उपसून रकान्यांत भरतं. दोन कॉलमचा रेझ्युमे असेल तर कधी कधी डावीकडची आणि उजवीकडची ओळ एकात एक मिसळते. हेडरमध्ये लिहिलेला फोन नंबर सुटू शकतो. ‘जावा’च्या पुढे भरलेल्या पाच ताऱ्यांचा अर्थ ना मशीनला कळत, ना माणसाला.

तपासायची सोपी रीत: आपली पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे जे दिसेल साधारण तेच मशीनला मिळतं. काहीच निवडता आलं नाही, तर तुमची पीडीएफ म्हणजे नुसता फोटो आहे. दुकानातून स्कॅन करून आणलेल्या बऱ्याच फायली अशाच निघतात.

जरीपटका

एटीएसची भीती घालणं बंद करा, प्लीज. माझ्या बहिणीने एका साइटवर ‘एटीएस स्कोर’ काढला तर ४० च्या आसपास. दुसऱ्या साइटवर तोच कागद ८० च्या वर. आणि पहिल्या साइटने लगेच पैसे भरून सुधारून घ्या म्हणून मेल पाठवला. शिवाय ‘एचआर फक्त सहा सेकंद बघते’ हे वाक्य प्रत्येक जण फेकतो. पोरं घाबरून दोन वर्षांचं खरं काम कापून एका पानात कोंबतात.

टेस्टर मिहान

स्कोरबद्दल तुमचं बरोबर आहे. सगळीकडे चालणारा एक स्कोर असा काही नसतोच, प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. अर्ज मशीनवर अडतो तो बहुतेकदा फॉर्ममधल्या प्रश्नांवर: किती वर्षं अनुभव, दहावीपासून ६० टक्के आहेत का, बॅकलॉग बाकी आहे का, नोटीस पीरियड किती. तिथे रेझ्युमे कितीही सुंदर असला तरी उपयोग नाही. पण रिक्रूटर नोकरी पोर्टलवर शब्द टाकून शोधतो हेही खरं. तुम्ही एपीआय टेस्टिंग करता आणि कागदावर नुसतं ‘टेस्टिंग’ असेल, तर त्या शोधात तुमचं नाव वर येणार नाही. यासाठी कुणालाही पैसे द्यावे लागत नाहीत.

सहा सेकंदांचं म्हणाल तर ती गोष्ट लॅडर्स नावाच्या अमेरिकी कंपनीच्या २०१२ च्या अभ्यासातून आली. त्यात ३० रिक्रूटरांच्या नजरेची हालचाल टिपली होती, आणि ती कंपनी स्वतः नोकरी शोधून देण्याच्या व्यवसायातली. त्यावरून हिंगण्याच्या कारखान्यात कागद किती वेळ पाहतात ते सांगता येणार नाही.

हिंगणा रोड

मी सांगते ना. पहिला अर्धा भाग सगळ्यांचाच वाचते. तिथे कामाचं काही सापडलं तर उरलेलं सावकाश वाचते, दोन पानं असली तरी.

मानेवाडा, ओळखीने लागतात हे मी नाकारत नाही, आमच्याकडेही लागतात. पण ज्याला मामा सुपरवायझर नाही त्याच्याकडे कागदाशिवाय दुसरं काय आहे? तुम्ही ज्या घराबद्दल बोलताय त्याच घरातल्या मुलाला चांगल्या कागदाची जास्त गरज आहे. आणि तो फुकटात, घरी बसून करता येतो, एवढंच मी सांगतेय. झेरॉक्सवाल्याकडचा कागद मला लगेच ओळखू येतो. एकाच आठवड्यात तीन जणांचं ऑब्जेक्टिव्ह शब्दन् शब्द सारखं असतं.

इंदोरा

एक गोष्ट अजून कुणी बोललं नाही. कागदावर सगळ्यात आधी वाचलं जातं ते नाव.

सुखदेव थोरात, आपल्या विदर्भातलेच, तेव्हा यूजीसीचे अध्यक्ष होते. त्यांनी आणि पॉल अटवेल यांनी केलेला अभ्यास २००७ मध्ये इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत आला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश निघाली, मुस्लीम नावाला सुमारे एक-तृतीयांश. पदवी तीच, कागद तोच.

मग ‘केलेलं काम लिहा’ हे अर्धंच उत्तर झालं. काम लिहिलेलं वाचण्याआधीच निर्णय होत असेल, तर?

जरीपटका

मग आडनाव न लिहिता नुसतं नाव आणि वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लिहावं. दक्षिणेत कित्येक जण तसंच लिहितात. निदान बोलावणं तरी येईल, पुढचं पुढे पाहता येईल.

इंदोरा

सल्ला चांगल्या मनाने दिलात, पण मी तो घेणार नाही. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या दिवशी, माझे आजोबा लाखो लोकांबरोबर ताठ मानेने उभे राहिले, त्याच शहरात मी पोटासाठी आडनाव झाकू? दुसऱ्या कुणाला झाकावंसं वाटलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही, त्याच्या घराची अडचण त्याला माहीत. पण सुधारणा अर्जदाराच्या कागदात मागण्याऐवजी कंपनीत मागा. ताई, तुम्ही पहिली छाननी करता. नाव झाकून कामाचा भाग आधी वाचता येईल का तुम्हाला?

हिंगणा रोड

येईल. आमचे अर्ज मेलवर येतात. मी ते एक्सेलमध्ये उतरवते तेव्हा नावाचा रकाना आधी भरते, तो शेवटी नेता येईल. साहेबांकडे जाणाऱ्या यादीतही आधी काम, मग नाव ठेवून बघते. याने सगळं सुटेल असं म्हणत नाही, मुलाखतीत नाव आणि चेहरा समोर येणारच. पण तुमचा मुद्दा बरोबर आहे. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये मी सगळा भार अर्जदारावर टाकला होता.

त्रिमूर्तीनगर

माझा प्रश्न थोडा वेगळा. बीकॉम, लग्नाआधी चार वर्षं एका सीए ऑफिसात. मग मुलगी, मग सासूबाईंचं आजारपण, सहा वर्षं घरी. गॅप लपवायची की लिहायची? माझा भाऊ म्हणतो वर्षं लिहूच नकोस, नुसता ‘चार वर्षांचा अनुभव’ लिही.

जरीपटका

भाऊ बरोबर सांगतोय. तारखा लिहिल्या की लोक आधीच गाळतात.

हिंगणा रोड

मला अजिबात पटत नाही. तारखा नसलेला कागद आला की मला शंका येते, आणि शंका आलेला कागद मी बाजूला ठेवते. मोठ्या कंपन्या नेमणुकीआधी जुन्या मालकाकडे तारखांची खात्री करतात, तिथे खोटं निघालं तर हातात आलेलं ऑफर लेटर जातं. एक सरळ ओळ लिहा: ‘अमुक साल ते अमुक साल, कौटुंबिक जबाबदारी, आता पूर्णवेळ उपलब्ध.’ कारणांचा पाढा नको, माफी तर मुळीच नको.

पण त्याखाली एक ओळ आणखी हवी. तुम्ही सीए ऑफिसात होतात तेव्हा जीएसटी होता का? तो १ जुलै २०१७ ला आला, आणि २बी तर २०२० मध्ये. म्हणजे मधे कामच बदललंय. टॅलीप्राइम आणि रिटर्न हे पुन्हा शिकून घ्या. ओळखीच्या एखाद्या दुकानदाराची दोन महिन्यांची रिटर्न भरून द्या आणि ते लिहा. मग गॅपकडे कुणाचं लक्ष जाण्याआधी ताजं काम दिसेल.

त्रिमूर्तीनगर

जीएसटी सुरू झाला तेव्हा होते, पहिली दोन वर्षं केलंय. २बी नाही केलं. नणंदेचं महालात स्टेशनरीचं दुकान आहे, तिला विचारते.

मानेवाडा

पाहा, नणंदेचंच दुकान निघालं ना. ओळख लागलीच.

पण ठीक आहे, मी थोडं मागे येतो. माह्या पुतण्याचं सांगतो, काय करायचं ते तुम्हीच सांगा. आयटीआय टर्नर, एक वर्ष अप्रेंटिस, आता घरी. त्याच्या कागदावर लिहिलं आहे ‘सीएनसी ऑपरेटर, मशीन चालवता येते’. मी त्याले विचारलं काय काय करत होता. तो म्हणे, फॅनुक कंट्रोलवर टूल ऑफसेट देत होतो, पहिला पीस मायक्रोमीटरने मोजून इन्स्पेक्टरकडे नेत होतो, ड्रॉइंग वाचता येते, प्रोग्राम स्वतः नाही लिहिला पण छोटा बदल करता येते. आता हे सगळं लिहायचं का? एवढं कोण वाचन?

हिंगणा रोड

प्रॉडक्शनचे अर्ज माझ्याकडे येत नाहीत, पण आमच्या शॉपच्या साहेबांना आताच विचारलं. ते म्हणाले, शब्दन् शब्द असंच लिहा. कंट्रोल कुठला, मटेरियल कुठलं, किती मायक्रॉनच्या टॉलरन्समध्ये काम केलं, तिन्ही शिफ्टला यायची तयारी आहे का, हेही टाका. ‘प्रोग्राम लिहिला नाही, बदल करता येतो’ हे तसंच राहू द्या. मुलाखतीत तेच विचारतात, आणि खरं बोलणारा मुलगा त्यांना शिकवायला सोपा जातो.

अप्रेंटिसचं प्रमाणपत्र मिळालंय का त्याला?

मानेवाडा

परीक्षा दिली, सर्टिफिकेट अजून यायचं आहे.

टेस्टर मिहान

मग ‘परीक्षा दिली, प्रमाणपत्र प्रतीक्षेत’ असं लिहा, महिना आणि वर्षासकट. रकाना रिकामा ठेवू नका. आणि फाइलला त्याचं नाव आणि ‘टर्नर’ असं नाव द्या. ‘न्यू रेझ्युमे’ नावाच्या फायली मेलमध्ये पुन्हा शोधताना सापडत नाहीत.

मानेवाडा

बरं. आज रात्री त्याले घेऊन बसतो. गेटवर जाणं मात्र मी बंद नाही करू देणार त्याले, कागद हातात घेऊन जाईल.