समुपदेशक-शिक्षण आणि पर्यवेक्षण या विषयातील पीएच.डी. करावी का?

प्रश्न

नमस्कार. मी अमेरिकेत परवानाधारक समुपदेशक म्हणून नऊ वर्षे काम करते आहे. गेल्या वर्षापासून आमच्या केंद्रात इंटर्नशिपसाठी येणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे पर्यवेक्षण माझ्याकडे आले. अनुभव पुरेसा आहे, तेव्हा हे काम आपल्याला जमेल, असे मी गृहीत धरले होते.

दोन महिन्यांपूर्वी एका प्रशिक्षणार्थीच्या सत्राचे ध्वनिमुद्रण ऐकत असताना, आदल्या आठवड्यात मी केवळ उदाहरण म्हणून उच्चारलेले एक वाक्य तिने क्लायंटला जसेच्या तसे ऐकवल्याचे माझ्या लक्षात आले. वाक्यात चूक काहीच नव्हती. परंतु त्याच क्षणी तो क्लायंट पहिल्यांदाच आपल्या दिवंगत भावाचा उल्लेख करत होता आणि माझ्या त्या वाक्यामुळे तो विषय तिथेच बुजून गेला. तेव्हापासून मला सतत वाटते आहे की, मी तिला ऐकायला शिकवण्याऐवजी माझ्यासारखे बोलायला शिकवले.

समुपदेशक-शिक्षण आणि पर्यवेक्षण या विषयात पीएच.डी. करण्याचा विचार त्यातूनच सुरू झाला आहे. या अभ्यासक्रमात पर्यवेक्षण खरोखर शिकवले जाते का, की तो मुख्यतः प्राध्यापक होऊ इच्छिणाऱ्यांसाठीच आहे? ज्यांनी तो जवळून पाहिला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पहिले उत्तर (या विषयाची अध्यापिका)

आपण सांगितलेला प्रसंग पर्यवेक्षणाच्या पहिल्याच वर्गात चर्चेला घ्यावा असा आहे. जॅनीन बर्नार्ड यांनी 1979 मध्ये मांडलेल्या प्रारूपात पर्यवेक्षकाच्या तीन भूमिका सांगितल्या आहेत: शिक्षकाची, समुपदेशकाची आणि सल्लागाराची. लक्ष कशावर द्यायचे, तेही तिथे तीन अंगांनी पाहिले जाते. प्रशिक्षणार्थी सत्रात प्रत्यक्ष काय करतो, क्लायंटचे म्हणणे त्याला कसे उमगते, आणि त्याचे स्वतःचे व्यक्तित्व व भावना त्या नात्यात कशा उतरतात, ही ती अंगे होत. आपण बहुधा शिक्षकाच्या भूमिकेतून पहिल्या अंगावर बोललात आणि तिची अडचण मात्र दुसऱ्या किंवा तिसऱ्या अंगाची होती. नवख्या प्रशिक्षणार्थीला नेमके शब्द हवे असतात, हे स्वाभाविकच आहे. कॅल स्टोल्टनबर्ग यांनी 1981 पासून विकसित केलेल्या विकासात्मक प्रारूपातही सुरुवातीच्या टप्प्यावरचा प्रशिक्षणार्थी चिंतातुर, परावलंबी आणि स्वतःकडेच लक्ष लागलेला असतो, असे वर्णन आहे. तेव्हा तिने आपले वाक्य उचलले, यात तिचा दोष नाही. तिला आधार देत असताना तिचे कान क्लायंटकडे कसे वळवायचे, हे कौशल्य आपल्याला कोणी शिकवलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

हे कौशल्य या पदवीत शिकवले जाते. समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या, 1981 मध्ये स्थापन झालेल्या केक्रेप (CACREP) या अमेरिकी अधिस्वीकृती संस्थेच्या मानकांत डॉक्टरेटसाठी पाच मुख्य क्षेत्रे आहेत, ती म्हणजे समुपदेशन, पर्यवेक्षण, अध्यापन, संशोधन, आणि नेतृत्व व हक्कांसाठीचा पाठपुरावा (अ‍ॅडव्होकसी). 2016 च्या मानकांनुसार पदव्युत्तर पदवीनंतर किमान 48 सेमिस्टर क्रेडिट, 100 तासांचे प्रॅक्टिकम (देखरेखीखालील सराव; त्यापैकी 40 तास प्रत्यक्ष समुपदेशनाचे) आणि 600 तासांची इंटर्नशिप अपेक्षित होती. ही इंटर्नशिप पाचपैकी किमान तीन क्षेत्रांत विभागलेली असावी लागे. पाचही क्षेत्रे अभ्यासक्रमात असल्याने आपण प्राध्यापक होणार नसलात तरी अध्यापन आणि संशोधन यांतून आपली सुटका नाही, आणि मला विचाराल तर ती नसावीच. एखादी गोष्ट पंधरा जणांच्या वर्गात समजावून सांगावी लागली की, आपण ती आजवर केवळ सवयीने करत होतो, हे कळून येते.

दुसरे उत्तर (डॉक्टरेट न केलेला पर्यवेक्षक)

मी थोडा वेगळा विचार मांडतो. पर्यवेक्षण करण्यासाठी डॉक्टरेट असावीच लागते, असे नाही. पर्यवेक्षक कोण होऊ शकतो, हे प्रत्येक राज्याचे परवाना मंडळ ठरवते. अनुभवाची ठरावीक वर्षे आणि पर्यवेक्षणाचे काही तासांचे प्रशिक्षण, अशा स्वरूपाच्या अटी अनेक ठिकाणी असतात. अमेरिकन काउन्सेलिंग असोसिएशनच्या 2014 च्या आचारसंहितेत मात्र स्पष्ट म्हटले आहे की, पर्यवेक्षण सुरू करण्याआधी समुपदेशकाने त्याच्या पद्धतींचे प्रशिक्षण घेतलेले असले पाहिजे. हे प्रशिक्षण पदवीशिवायही मिळू शकते.

मला सर्वाधिक उपयोग झाला तो माझ्या स्वतःच्या पर्यवेक्षणाचे पर्यवेक्षण करून घेतल्याचा. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने वर्षभर माझ्या पर्यवेक्षण बैठकांची ध्वनिचित्रमुद्रणे माझ्यासोबत पाहिली. नॉर्मन केगन यांनी विकसित केलेली पद्धत ते वापरत असत: ध्वनिचित्रमुद्रण मध्येच थांबवायचे आणि त्या क्षणी मनात काय चालले होते, एवढेच विचारायचे; चूक-बरोबर सांगायचे नाही. मी प्रशिक्षणार्थींच्या शांततेला किती घाबरतो, हे मला त्या खोलीत कळले. आपल्याला आता जी अस्वस्थता आहे, ती दूर करण्यासाठी चार वर्षांची पदवी हा एकमेव मार्ग मानू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तिसरे उत्तर (प्रबंधाच्या टप्प्यावरचा विद्यार्थी)

वरील दोन्ही उत्तरांशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. तरीही एक गोष्ट मला पदवीच्या चौकटीतच मिळाली आणि ती बाहेर मिळाली नसती, असे वाटते. आमच्या दुसऱ्या वर्षी आम्ही पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे पर्यवेक्षण करतो, आमच्या त्या बैठका प्राध्यापक पाहतात, आणि त्यानंतर आम्ही पाच जण एकमेकांच्या बैठकांवर बोलतो. एकदा माझी प्रशिक्षणार्थी एका हताश क्लायंटविषयी बोलत असताना मीच घाईघाईने उपाय सुचवू लागलो होतो. सहाध्यायीने शांतपणे विचारले, ‘ती क्लायंटसमोर जे करते आहे, तेच तू तिच्यासमोर करतो आहेस का?’ समांतर प्रक्रिया (समुपदेशक आणि क्लायंट यांच्यात जे घडते, तेच पर्यवेक्षणाच्या नात्यातही उमटणे) म्हणजे काय, हे मी तोवर दहा वेळा वाचले होते. 1950च्या दशकात हॅरल्ड सर्ल्स यांनी आणि नंतर एकस्टाइन व वॉलरस्टाइन यांनी जे लिहिले, ते मला त्या दुपारी समजले. आपला प्रसंगही त्या नजरेने पाहावा, असे सुचवतो. आपण तिला शब्द पुरवलेत आणि तिने क्लायंटला शब्द पुरवले.

दुसरी बाब मूल्यमापनाची आहे आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. पर्यवेक्षक हा प्रशिक्षणार्थीचा आधार असतो आणि त्याच वेळी, हा विद्यार्थी या व्यवसायात येण्यास योग्य आहे की नाही, हेही त्यालाच सांगावे लागते. गुण उत्तम, परंतु क्लायंटविषयी तुच्छता बाळगणारा विद्यार्थी समोर आला, तर काय करायचे? सुधारणेची लेखी योजना कशी आखायची, तिची मुदत किती ठेवायची, विद्यार्थ्याचा म्हणणे मांडण्याचा हक्क कसा जपायचा, आणि त्याच्या वैयक्तिक दुःखाचा विषय निघाला तर त्याचे समुपदेशक न होता त्याला योग्य ठिकाणी कसे पाठवायचे? आचारसंहितेने पर्यवेक्षकाला आपल्या प्रशिक्षणार्थीचे समुपदेशन करण्यास मनाई केली आहे. ही रेषा कागदावर सोपी दिसते, बैठकीत ती फार पुसट होते. असे निर्णय एकट्याने घेण्याआधी ते इतरांसोबत घेऊन पाहण्याची संधी मला मोलाची वाटते.

प्रबंधाचे काम एकाकी आहे, हे मात्र लपवत नाही. अभ्यासक्रम पूर्ण होऊनही अनेकांचा प्रबंध नोकरी सांभाळताना रेंगाळतो.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. समांतर प्रक्रियेविषयीचे वाक्य वाचून मी बराच वेळ थांबले. एक उपप्रश्न विचारते. पुढे कधी शिकवावेसे वाटलेच, तर क्लिनिकल सायकॉलॉजीतील पीएच.डी. अधिक व्यापक ठरणार नाही का?

पुन्हा पहिले उत्तर देणारी अध्यापिका

समुपदेशनाच्या विभागात शिकवायचे असेल तर नाही. केक्रेपच्या 2009 च्या मानकांनी अशी अट घातली की, जुलै 2013 नंतर नव्याने नेमल्या जाणाऱ्या मुख्य अध्यापकांची डॉक्टरेट समुपदेशक-शिक्षणातीलच असावी. त्यापूर्वी पूर्णवेळ शिकवत असलेल्यांना सूट होती. मानसशास्त्रातील पदवी मूल्यांकन आणि निदान यांत अधिक खोलवर नेते, मात्र तिचा परवाना आणि नोकऱ्यांचा मार्ग निराळा आहे.

दुसऱ्या उत्तरातील सूचना मी नाकारत नाही; उलट, अर्ज करण्यापूर्वी सहा महिने आपण तेच करावे. एखाद्या अनुभवी पर्यवेक्षकासोबत आपल्या बैठका पाहा. त्यानंतरही अध्यापन आणि संशोधन यांची ओढ टिकून राहिली, तर अर्ज करा. प्रवेशाच्या मुलाखतीत विभागालाही प्रश्न विचारावेत. माझ्या पर्यवेक्षण बैठकांची ध्वनिचित्रमुद्रणे कोण पाहणार, किती वेळा पाहणार, आणि त्यावर माझ्याशी समोरासमोर बोलणार की केवळ लेखी शेरा देणार, हे विचारा. शिक्षण-सहायक म्हणून काम मिळाल्यास शुल्कमाफी मिळते का, आणि त्या कामात पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे पर्यवेक्षण येते की केवळ कार्यालयीन कामे, हेही विचारा. उत्तर देताना विभागप्रमुख अडखळले, तर दुसरा विभाग पाहावा.

आणि त्या प्रशिक्षणार्थीशी बोलला नसाल, तर या आठवड्यातच बोला. ध्वनिमुद्रणातील तो क्षण दोघींनी मिळून पुन्हा ऐका आणि भावाचा उल्लेख झाला तेव्हा तिच्या मनात काय आले, एवढेच विचारा. तो क्लायंट अजून येत असेल, तर त्या विषयाकडे परत जाण्याची वेळ गेलेली नाही.