सातवीच्या मुलांना इजिप्तचं कोरीवकाम शिकवायचंय, कशावर कोरायला लावू?

राजापूरजवळच्या शाळेत चित्रकला शिकवते. जांभ्याच्या चिऱ्यावर करून पाहिलं. भोकाभोकांचा दगड, डोळा कोरायला गेलं की कडाच ढासळते. साबणाची वडी मुलं पाच मिनिटांत आरपार करतात.

कुडाळहून: बाई, आमची गणपतीची शाळा आहे, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना. शाडूची अंगठ्याएवढी जाड लादी थापा, सावलीत सुकू द्या. नखाने दाबलं की ठसा उठेल पण बोटाला माती लागणार नाही, तेव्हा खिळ्याने कोरा. उन्हात ठेवलीत तर तडे जातील.

गुहागरहून: कोरण्याआधी चौकटी आखून घ्या. इजिप्तचे कारागीर लाल रेघांची जाळी आखत; उभ्या माणसाला तळपायापासून कपाळावरच्या केसांपर्यंत १८ चौकटी. चेहरा बाजूने, डोळा नि खांदे समोरून. देवळांच्या बाहेरच्या भिंतींवर आकृती सपाटीच्या आत खोदलेली असे, म्हणजे कडक उन्हात कडांची सावली पडून ती उठून दिसे. लादी पडवीच्या उन्हात तिरकी धरून दाखवा, मुलं गप्प होऊन बघतात.

राजापूरहून: खूप आभार! लिहिता लिहिता बारसूच्या सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, कातळशिल्पं आठवली. तीही जांभ्यातच खोदलेली, पण ठसठशीत रेघांची. आधी मुलांना तिथे नेते, मग शाडू.