विषय: 29 नोव्हेंबरचे पदभ्रमण आणि हरणांच्या शिकारीचा हंगाम

सप्रेम नमस्कार.
थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारच्या पदभ्रमणासाठी नावे येत आहेत. मात्र त्याच दिवशी, म्हणजे 29 नोव्हेंबर 2025 रोजी, पेनसिल्व्हेनियात रायफलने हरणांची शिकार सुरू होते, आणि अ‍ॅपलाचियन ट्रेल या लांब पल्ल्याच्या पायवाटेचा आपण निवडलेला टप्पा स्टेट गेम लँड्समधून, म्हणजे राज्याने शिकारीसाठी व वन्यजीवांसाठी राखलेल्या जमिनींतून, जातो. सहल रविवारी न्यावी का, हे गुरुवारपर्यंत कळवावे. बसची आगाऊ रक्कम त्यानंतर परत मिळणार नाही.
– सहल समिती

समितीस,
रविवारने काहीही साधणार नाही. पूर्वी हा हंगाम सोमवारी उघडत असे, म्हणून आपल्या जुन्या सहली त्या शनिवारी निर्धास्त होत असत. 2019 पासून तो शनिवारी उघडू लागला. रविवारच्या शिकारीवरील बंदीही 2019 च्या कायद्याने सैल झाली आणि जुलै 2025 मधल्या कायद्याने उठलीच. 30 नोव्हेंबर आणि 7 डिसेंबर हे दोन्ही रविवार हंगामात आहेत. शिवाय 15 नोव्हेंबर ते 15 डिसेंबर या काळात गेम लँड्सवर शिकार न करणाऱ्यांनीही डोके, छाती व पाठ मिळून 250 चौरस इंच फ्लोरोसंट नारंगी कापड, किंवा निदान त्याच रंगाची टोपी, सर्व बाजूंनी दिसेल अशी घालायची असते. शनिवारी जायचेच असेल, तर टोप्यांची सोय आधी करावी.
– अप्पा

अप्पा,
टोप्यांवर खर्च कशाला? पथकाचे भगवे फेटे कपाटात पडून आहेत, तेच सर्वांनी बांधावेत. फोटोही चांगले येतील. आणि सार्वजनिक जमिनीवर, जिथे आपणही कर भरतो, तिथे दर वेळी आपणच का नमते घ्यायचे, हे मला अजून कळलेले नाही.
– माई

माई,
फेटा भगवा असला तरी फ्लोरोसंट नाही, आणि पहाटेच्या अंधुक उजेडात तो पानगळीच्या रंगात मिसळून जातो. पथकाचा पांढरा झब्बा तर मुळीच नको, कारण इथले हरीण बिथरले की पांढरी शेपटी उभारून पळते आणि शिकाऱ्याचे डोळे तेच शोधत असतात. ऑफिसातल्या मित्राबरोबर मी झाडावरच्या मचाणावर बसलो आहे: नारंगी टोपीवाला पाऊलवाटेच्या पार टोकाला असतानाच दिसला, पण तपकिरी जाकीट घातलेला माणूस खाली येऊन थांबेपर्यंत मला झाडाचे खोडच वाटत होता. हरणाला तो नारंगी रंग आपल्यासारखा उठून दिसत नाही, त्यामुळे शिकाऱ्याचेही नुकसान होत नाही.

जमिनीबद्दल म्हणाल, तर ती सांभाळणारे गेम कमिशन, म्हणजे राज्याचे शिकार व वन्यजीव खाते, राज्याच्या सर्वसाधारण करांवर चालत नाही. परवान्यांचे शुल्क आणि बंदुका-काडतुसांवरील 1937 च्या कायद्याचा कर, हे त्याच्या उत्पन्नाचे मोठे आधार आहेत. त्या जमिनीवर आपण शिकाऱ्यांचे पाहुणे आहोत. वाटेत गप्पा मारायला हरकत नाही, पण शिकार बिघडवण्यासाठी मुद्दाम गोंगाट करणे हा या राज्यात गुन्हा आहे, हे लेझीम घेऊन येऊ इच्छिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.
– ईस्टनहून, दादा

दादांचे पटले. तरीही लहान मुले बरोबर असल्याने मी न्यूयॉर्कमधील हॅरिमन स्टेट पार्क सुचवतो. तिथे शिकारीला बंदी आहे. न्यू जर्सीकरांना ते जवळ पडेल, हे मान्य. पण दर वर्षी त्यांनीच गाडी हाकत आपल्याकडे यायचे, हेही बरे नव्हे.
– अप्पा

हॅरिमन ठरल्यास बसचे भाडे वाढेल आणि तो फरक सभासदांकडून घ्यावा लागेल. इथेच जायचे ठरल्यास, नाव नोंदवलेल्यांपुरत्याच टोप्या मंडळ विकत घेईल. पथकप्रमुखांच्या लेखी परवानगीशिवाय कपाटातला एकही फेटा बाहेर जाणार नाही. गणपतीनंतर दोन अजून परत आलेले नाहीत.
– खजिनदार