भाऊ अपघातात गेला. दावा आईनं घालायचा की वहिनीनं?

खानापूरची लेक:
माझा धाकटा भाऊ गेल्या महिन्यात कागलजवळ टेम्पोच्या धडकेत गेला. वय 32. निपाणीत गॅरेजात होता, पगार हातावर. मागं वहिनी, दोन वर्षांचं बाळ, आई आणि बाबा. दिवस झाल्यावर वहिनी बाळाला घेऊन गडहिंग्लजला माहेरी गेली, ती आली नाही. तिच्या भावानं तिकडं वकील धरलाय म्हणूलालेत. गावात एक जण सांगतोय, बायको असताना आईला काही मिळत नाही. मला त्यातला एक रुपया नको ओ, पण आईच्या शुगरच्या गोळ्या भाऊच आणायचा. आईनं वेगळी केस घालावी काय? कोल्हापूरला की इकडंच?

तवंदीकर:
टेम्पोवाल्याला गाठा, दोन लाख घ्या आणि मोकळे व्हा. कोर्टात चपला झिजतात.

काळा कोट, चिक्कोडी:
तवंदीकर, दोन लाख म्हणजे धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही तर सरकार देतं तेवढे. इथं टेम्पो सापडलाय, त्याचा विमा बघा आधी.

ताई, मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 मध्ये 'बायकोनंच' असं कुठं नाही. मयताचे कायदेशीर प्रतिनिधी, सगळे मिळून किंवा त्यातलं कुणीही, अर्ज करू शकतात. जो अर्जदार नाही त्याला सामनेवाला, म्हणजे समोरचा पक्षकार, करून आत घ्यावंच लागतं. आई तर वारसा कायद्यात बायको-मुलांच्याच पहिल्या वर्गात. जावयाकडं राहणाऱ्या सासूलासुद्धा सुप्रीम कोर्टानं 2021 साली कायदेशीर प्रतिनिधी धरलंय. तुमचं मात्र आईबाप असताना नाव नको.

वेगळी केस नको, आणि हे वहिनीच्या भावालाही हिशेबानं पटवा. महिना 15,000 धरा. चाळिशीच्या आतला, म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के: 21,000. त्यातून मयताचा स्वतःचा खर्च वजा होतो. अवलंबून दोघं-तिघं असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश. उरेल त्याला बारा महिने आणि 32 वयाचा 16 चा गुणक. वहिनी, बाळ, आई धरून 26,88,000. बाबांना चौथं धरलं तर 30,24,000, म्हणजे एकत्र घातली तर एकूण रक्कमच वाढते. पण बापाला स्वतःची कमाई असणार असं कोर्ट धरून चालतं. बाबा पोराच्याच जिवावर होते, हे साक्षीपुराव्यानं दाखवायला लागेल. गॅरेजमालकाची साक्ष तर लागेलच, 15,000 त्यावरच उभे आहेत.

खानापूरची लेक:
बाबांना कंबरेमुळं काम होत नाही, दवाखान्याचे कागद आहेत. आणि वहिनीनं पुढं लग्न केलं तर? वय लहान आहे तिचं.

काळा कोट, चिक्कोडी:
केलं तरी तिचा हक्क जात नाही. ते बोलून भांडण वाढवू नका. बाळाचा वाटा कोर्ट बँकेत ठेवायला लावतं, सज्ञान होईपर्यंत.

अपघात महाराष्ट्रात झाला तरी अर्जदार राहतात तिथं अर्ज चालतो, म्हणजे इकडं कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात घालता येईल. वहिनी गडहिंग्लजला राहते म्हणून तिला तिकडं घालता येईल. म्हणून आधी फोन करून विचारा, तिच्या वकिलानं घातलीय काय. घातली असेल तर आईबाबांनी त्यातच जायचं. इकडं घातली तर एफआयआर, पंचनामा मराठीत, त्यांचं भाषांतर लागेल. नाडकचेरीतून (इकडचं महसूल कार्यालय) वंशावळ आजच मागा. कायद्यात मुदत अपघातापासून सहा महिन्यांची लिहिलीय, त्यातला महिना गेलाच.