अनुभव धागा: झेंडावंदन झालं की पिशवी घेऊन बाजारात (बडोदा)

धागाकर्ती

आमच्या घरी २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट हे हक्काचे बाजाराचे दिवस. शाळेतलं झेंडावंदन आटोपलं की बाबा आम्हा दोघी बहिणींना सायकलवर बसवून खंडेराव मार्केटात न्यायचे. एरवी भाजी दारावरच्या लारीवरून (हातगाडीवरून) यायची. सुट्टीच्या दिवशी मात्र बाबांना ती पिकवणाऱ्याच्या हातूनच घ्यायची असे. पादरा, वाघोडिया, डभोईकडची माणसं पोतं अंथरून बसलेली असत. बाबा आधी त्यांना पावसापाण्याचं विचारत, मग भाव.

मार्केटची ती देखणी इमारत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बांधून शहराला दिली. आत महानगरपालिकेची कचेरी, मागच्या बाजूला भाजी आणि फुलं. एवढ्या दिमाखदार वास्तूच्या पाठीशी भाजीबाजार असावा, याचं मला लहानपणापासून फार अप्रूप आहे.

एका १५ ऑगस्टला फुलवाल्या मासींनी तीन पाट्या ओळीत मांडल्या होत्या. केशरी गलगोटे (झेंडू), पांढरी शेवंती आणि आसोपालवाची (अशोकाची) पानं. शेवंतीच्या बरोब्बर मधोमध एक निळं गोकर्णाचं फूल. धाकटीने तेच हवं म्हणून हट्ट धरला. मासी म्हणाल्या, "ए वेचवानुं नथी, बेटा. ए तो झंडानुं छे." (हे विकायचं नाही, ते झेंड्याचं आहे.) मग पाटीतली मूठभर शेवंती तिच्या ओंजळीत घातली. बाबांनी पैसे पुढे केले तर हातानेच नको म्हणाल्या.

तर तुमचे अनुभव लिहा. या दोन दिवशी बाजारात काय पाहिलंत, कोण भेटलं, काय घेतलंत, घरी येऊन काय रांधलंत. शुभेच्छांचे संदेश नकोत, आठवणी हव्यात. इंदूर-ग्वाल्हेरकरांनीही यावं, पण सुरुवात बडोदेकरांनी करावी.

रावपुरेकर

धागा वाचला आणि थेट २००१ सालात गेलो. २६ जानेवारी, शुक्रवार. मी कॉलेजात होतो. संक्रांतीला काकांना मुंबईहून यायला जमलं नव्हतं, म्हणून उंधियू या सुट्टीला करायचं ठरलं आणि आईने मला सकाळीच बाजारात पिटाळलं. सुरती पापडी घेतली, रतालू घेतलं (म्हणजे आपलं कोनफळ. माझी आत्या पुण्याहून आली की दरवर्षी याच शब्दाला फसून रताळी घेऊन येते), ओलं लसूण घेतलं. पावणेनऊच्या सुमारास एका काकांकडे लीली तुवेर (ओली तूर) तोलून घेत होतो. त्यांचा तराजू वरच्या बांबूला टांगलेला. पारडं खाली गेलं, वर आलं आणि मग आडवं झुलायला लागलं. काकांना वाटलं माझा धक्का लागला. "भाई, हाथ ना लगाडो." मी दोन्ही हात वर करून दाखवले. तोवर शेजारच्या ढिगातले बटाटे घरंगळायला लागले होते आणि कुणीतरी ओरडलं, "धरतीकंप!"

आम्ही सगळे मोकळ्यावर धावलो. काकांनी माझा दंड घट्ट धरून ठेवला होता. हलणं थांबल्यावर त्यांनी पहिलं विचारलं ते हेच, की घरी कोण कोण आहे. तुवेर पिशवीत ओतली, पैसे घेतले नाहीत, म्हणाले, "पहेलां घेर जाओ."

८ वाजून ४६ मिनिटांनी झालेला तो भूकंप कच्छचा होता, हे दुपारी कळलं. अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली शाळकरी मुलं अरुंद गल्लीत ढिगाऱ्याखाली गेली, ही बातमी आली आणि आईने विळी भिंतीला टेकवून ठेवली. उंधियू झालंच नाही.

दुसऱ्या दिवशी तुवेरीचे पैसे द्यायला गेलो तर बाजारात कच्छला पाठवायची पोती भरली जात होती. कांदे, बटाटे, जे टिकेल ते. काकांनी पोत्याकडे बोट दाखवलं. "एमां नाखी दो." तेवढ्या पैशांचे बटाटे घेतले आणि त्यात ओतले. आज वीस वर्षांहून जास्त काळ झाला, २६ जानेवारीला पावणेनऊला मी बाजारातच असतो. आता बहुतेक ठिकाणी तराजू इलेक्ट्रॉनिक आहेत. कुठे टांगलेला दिसला तर मी तिथूनच घेतो, भाव न करता.

कारेलीबागची लेक

रावपुरेकर, अंगावर काटा आला. मी तेव्हा दुसरीत होते, शाळेच्या मैदानावर. झेंड्याचा खांब हलताना बघितलेला आठवतोय.

माझा अनुभव अगदी साधा आहे. २६ जानेवारीला बाबा पोंक आणायचे. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडा. कोवळी कणसं निखाऱ्यावर भाजायची, गरम असतानाच कापडात घालून झोडपायची आणि पाखडायची. हिरवेगार दाणे, वर बारीक शेव, लिंबू. दिल्लीची परेड टीव्हीवर लागलेली आणि कागदाच्या पुड्यात पोंक, एवढंच. सासर नाशिकचं. तिथे हुरडा शेतावर पार्टी करून खातात, छानच असतो, पण कागदी पुडा नसतो.

पादऱ्याची सून

मी माहेरची दांडिया बाजारची, सासर पादऱ्याजवळच्या गावात, घरची शेती. त्यामुळे बाजाराच्या दुसऱ्या बाजूने लिहिते.

१५ ऑगस्टला भेंडी जोरात असते. भेंडी एक दिवसाआड तोडावीच लागते. एक दिवस चुकलात तर शेंग निबर होते, विकायच्या लायकीची राहत नाही, शिवाय झाड पुढच्या कळ्या धरायला आळस करतं. म्हणून १४ तारखेच्या संध्याकाळी आम्ही घरची सगळी शेतात असतो. पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, हाताला कापड गुंडाळलेलं, कारण भेंडीची लव फार खाजते. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी उत्साहाने साडीवर गेले होते. रात्रभर खोबरेल चोळत बसले. सासूबाईंनी एका शब्दाने टोकलं नाही. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांचा शर्ट कापून माझ्या मापाचा करून दिला.

तोडलेली भेंडी रात्री ओल्या कंतानाखाली. पहाटे तीनला टेम्पो. सुट्टीच्या दिवशी वेपारी कमी येतात, म्हणून आम्ही घाऊकला न देता स्वतःच किरकोळ विकायला बसतो. हिशेब सांगते. आमच्याकडे मण म्हणजे २० किलो. गेल्या वर्षी घाऊकला मणाला ५०० रुपये मिळत होते, म्हणजे किलोला २५. त्याच भेंडीला किरकोळीत ६० मिळाले. टेम्पो आणि जागेचा खर्च वजा करूनही त्या दिवसाची कमाई घाऊकपेक्षा कितीतरी जास्त. तेव्हा जी मंडळी सुट्टीला मुद्दाम पिशवी घेऊन येतात, त्यांच्यामुळे आमच्या घरी काय होतं ते तुम्हाला कळावं म्हणून आकडे लिहिले. माझ्या मुलीच्या शाळेची वर्षाची पुस्तकं याच एका दिवसाच्या पैशातून येतात.

आणि झेंडा? सासरे टेम्पोच्या केबिनला बांधतात. गावातून निघायच्या आधी, अंधारातच, एकदा नीट बघतात की केशरी वर आहे ना. मग चावी फिरवतात.

धागाकर्ती

पादऱ्याची सून, किती मनापासून लिहिलंत. आमच्या बाबांना हे वाचून दाखवलं. म्हणाले, "विचार तिला, यंदा कुठे बसणार." सांगाल का?

मांजलपूरकर काकू

हळदीकुंकवाचा दिवस म्हणून २६ जानेवारी आम्हा मराठी बायकांना किती सोयीची, यावर कुणी लिहिलंच नाही! संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं, पण सगळ्यांना सुट्टी असा दिवस हाच. सोसायटीत सकाळी झेंडावंदन, दुपारी माझ्याकडे हळदीकुंकू, हा वीस वर्षांचा शिरस्ता. ओटीला बोरं, ओला हरभरा (इथे जींजरा म्हणतात), उसाचे करवे, गाजर. सगळं त्याच सकाळी बाजारातून.

२०२३ चं सांगते. त्या वर्षी २६ जानेवारीला वसंत पंचमी होती आणि दोन दिवसांनी रथसप्तमी. वाण काय लुटायचं हा दर वर्षीचा प्रश्न. प्लॅस्टिकचे डबे देऊन देऊन सगळ्यांची कपाटं भरलेली. ते भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, जिकडेतिकडे नाचणी-बाजरीच्या गोष्टी चाललेल्या. छोटाउदेपूरकडचं एक जोडपं आमच्या बाजारात धान्य घेऊन येतं. त्यांच्याकडून पाच किलो नाचणी घेतली. काय करणार विचारलं त्या बाईंनी. मी माझ्या मराठीमिश्रित गुजरातीत वाण म्हणजे काय ते समजावलं. सवाष्णीने सवाष्णीला द्यायचं, रिकामी ओंजळ परत पाठवायची नाही. त्यांनी ऐकून घेतलं, उठल्या, मागच्या पोत्यातून आणखी दोन मुठी नाचणी माझ्या पिशवीत घातल्या. "आ मारा तरफथी."

दुपारी खणाच्या तुकड्यांच्या पुरचुंड्यांतून तीच वाटली. पुढच्या वर्षी मी त्यांना हळदीकुंकू लावायला बाजारातच करंडा घेऊन गेले. त्यांनी हातातली मापटी बाजूला ठेवून पदर नीट केला. त्यांच्याकडे ही रीत नाही, तरी कपाळ पुढे केलं. आता त्यांच्याशिवाय माझं हळदीकुंकू सुरूच होत नाही.

विश्वामित्रीकाठचा

२०१९ चं १५ ऑगस्ट. ३१ जुलैला एका दिवसात जवळजवळ २० इंच पाऊस झाला होता, विश्वामित्री नदी घरात शिरली, रस्त्यावर मगरी दिसल्या, ते सगळं तुम्हाला माहीत आहे. आमच्या तळमजल्यावर कमरेइतकं पाणी होतं. पंधरा दिवस घासूनही भिंतीला गाळाचा वास येत होता.

त्या वर्षी स्वातंत्र्यदिन आणि राखीपौर्णिमा एकाच दिवशी आली. बहीण सुरतेहून येणार होती. आई म्हणाली, नारळीभात व्हायलाच हवा, घर कसंही असो. बाजारात गेलो तर राख्यांच्या लाऱ्या, झेंड्यांच्या लाऱ्या, नारळांचे ढीग, आणि भाजी मात्र तुरळक. पालेभाजी जवळपास नव्हतीच, शेतात पाणी साचून कुजली होती. बडोद्यात भाजी घेतली की मिरच्या-कोथिंबीर वर फुकट मिळते, ती आपली सवयच. त्या दिवशी कोथिंबिरीची जुडी मागायचीही लाज वाटली. आमच्या नेहमीच्या भाजीवाल्या काकांकडे गिलोडां (तोंडली) आणि थोडी कंकोडां (करटोली) एवढंच होतं. मी हिशेब करून निघालो तर त्यांनी थांबवलं आणि चार काड्या कोथिंबीर दिली, मोजून चार. म्हणाले, "तेहवारने दिवसे खाली ना जवाय." (सणाच्या दिवशी रिकाम्या हाती जाऊ नये.)

त्यांच्या शेताचं विचारलं तर नुसती मान हलवली. वावर अजून पाण्याखाली होतं. आईने त्या चार काड्या बारीक चिरून कंकोड्यांच्या भाजीवर घातल्या आणि सगळ्यांच्या ताटात एकेक पान तरी जाईल असं बघितलं.

घडियाळी पोळ

माझी आजी १९४७ साली अकरा वर्षांची होती. बडोदा तेव्हा गायकवाडांचं संस्थान, मुंबई राज्यात विलीन झालं ते १ मे १९४९ ला. १५ ऑगस्टच्या दिवशी त्यांच्या पोळात (जुन्या वस्तीतल्या गल्लीत) दारोदारी आसोपालवाची तोरणं लागली. पणजोबांनी बाजारातून गूळ आणला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर ठेवला. आजीला आठवतं ते एवढंच, की गुळाला मुंग्या लागल्या होत्या आणि पणजोबा एकेक मुंगी फुंकरीने उडवत होते, आज कुणाला मारायचं नाही म्हणून. आजी अजून आहे. १५ ऑगस्टला गूळ मीच आणतो.

मकरपुऱ्याची शिक्षिका

बाजार उठल्यावरचं सांगते. दुपारी सगळे घरी जातात तेव्हा पालापाचोळ्यात झेंडे पडलेले असतात. मला ते सहन होत नाही. गेली काही वर्षं मी वर्गातल्या पाच-सहा मुलांना घेऊन जाते, पालकांना विचारून. कागदी झेंडे पायदळी जाऊ द्यायचे नाहीत, गोळा करून आडोशाला सन्मानाने त्यांची विल्हेवाट लावायची, असं ध्वजसंहितेत सांगितलं आहे. मुलांना आधी तेच वाचून दाखवते. प्लॅस्टिकच्या झेंड्यांवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, तरी एखाददुसरा सापडतोच.

पहिल्या वर्षी शेतकरी नुसते बघत होते. दुसऱ्या वर्षी एका भाजीवाल्या आजींनी, निघायच्या आधी, स्वतःच्या आजूबाजूचे सगळे झेंडे वेचून दुधीच्या रिकाम्या टोपलीत उभे करून ठेवले होते. आम्ही पोचलो तेव्हा त्या गेलेल्या, टोपली तशीच. शेजारच्याने सांगितलं, "मास्तरबेन माटे मूकी गयां छे." (बाईंसाठी ठेवून गेल्यात.) टोपली परत करायला आम्ही पुढच्या रविवारी गेलो. मुलांनी आपणहून त्यात प्रत्येकी एक फूल ठेवलं होतं.

पादऱ्याची सून

धागाकर्ती, बाबांना सांगा, यंदा फुलवाल्यांच्या रांगेच्या टोकाला, निळ्या ताडपत्रीखाली. सकाळी सातपासून. कोवळी भेंडी बाजूला काढून ठेवते.