एडीत ४१२ युजर नव्या ओयूत हलवायचे आहेत, चाचणीतच २० पैकी ६ अडकले. मदत हवी आहे

मंडळी, आमच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (एडी, म्हणजे कंपनीची सगळी लॉगिन खाती सांभाळणारी यंत्रणा) युजर आजवर गावानुसार ठेवलेले: पुणे, नाशिक, नागपूर अशा ओयू, म्हणजे खाती ठेवायचे फोल्डरसारखे कप्पे. आता साहेबांना सगळं खात्यानुसार हवंय. स्टोअर्सचा माणूस कुठल्याही प्लांटचा असो, तो 'स्टोअर्स' ओयूत. एकूण ४१२ खाती. हाताने ओढत बसलो तर दिवाळी उजाडेल, म्हणून पॉवरशेल, म्हणजे विंडोजची कमांड लिहून कामं करायची सोय.

(ऑफिसच्या लॅपटॉपवरून काही पेस्ट करता येत नाही. मोबाइलवरून टाइप करतोय, कमांड मराठीतच वाचून घ्या.)

एचआरच्या एक्सेलची सीएसव्ही (स्वल्पविरामांची साधी मजकूर फाइल) केली. दोन रकाने: लॉगिन नाव आणि नव्या ओयूचा पूर्ण पत्ता. इम्पोर्ट-सीएसव्ही, मग ओळीगणिक गेट-एडीयूजर, आणि तिथून पाइपने मूव्ह-एडीऑब्जेक्ट. मूव्हला नुसतं लॉगिन नाव चालत नाही, डिस्टिंग्विश्ड नेम (ओयूसकट पूर्ण पत्ता) नाहीतर जीयूआयडी (खात्याचा कायमचा ओळख क्रमांक) लागतो, हे कळण्यातच एक संध्याकाळ गेली.

चाचणीच्या २० जणांवर आधी व्हॉटइफ (काही न बदलता नुसती रंगीत तालीम) लावलं तेव्हा दोनच ओळी लाल होत्या. खरं चालवलं तर सहा. तिघांना 'अ‍ॅक्सेस इज डिनाइड'. एकाला हे नाव आधीच वापरात आहे म्हणतोय. दोघे सापडतच नाहीत, आणि त्यातला एक माझ्या शेजारी बसून रोज लॉगिन करतो!

मी डोमेन अ‍ॅडमिन (सगळ्यावर पूर्ण अधिकार असलेला) नाही, पण जुन्या-नव्या सगळ्या ओयूंवर अधिकार डेलिगेट करून, म्हणजे तेवढ्यापुरते सोपवून घेतलेत. ते कमी असते तर चौदा जण गेले कसे? बाकीचे शनिवारी रात्री हलवायचेत.

रात्रपाळी:
न सापडणाऱ्या दोघांचं लॉगिन म्हणजे एम्प्लॉयी कोड आहे का, आणि तो शून्याने सुरू होतो का? एक्सेल पुढची शून्यं खाऊन टाकतं. ०७३१ चं ७३१ झालं असणार. सीएसव्ही नोटपॅडमध्ये उघडून बघा. पुढच्या वेळी एचआरला तो रकाना टेक्स्ट करून मगच भरायला सांगा.

नावाचा घोळ: एका ओयूत एकच सीएन (खात्याचं दिसणारं नाव) दोनदा चालत नाही. एक पुण्याचा, एक नाशिकचा, तोवर भांडण नव्हतं. दुसऱ्याला रीनेम-एडीऑब्जेक्टने नावापुढे कोड जोडा. त्याचं लॉगिन बदलत नाही.

डिनाइडसाठी आधी अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्स चालू करून त्या खात्यांचा 'ऑब्जेक्ट' टॅब बघा. अपघाती डिलीशनपासून संरक्षणाची टिक असेल तर ती काढा. हलवणं म्हणजे एडीच्या हिशेबी जुन्या जागेवरून डिलीट करणंच, म्हणून अडतं. व्हॉटइफ परवानग्या तपासत नाही, त्याच्यावर विसंबू नका.

धागाकर्ता:
शून्यंच होती, आणि दोन पाटीलही सापडले, नाव-आडनाव सेम टू सेम! टिक मात्र तिघांपैकी एकालाच आहे. बाकीच्या दोघांचं काय?

जुनी_खुर्ची:
त्या दोघांचं अ‍ॅडमिनकाउंट (खात्यावरची एक खूण) बघा. १ असेल तर ते कधीतरी डोमेन अ‍ॅडमिन्ससारख्या ग्रुपमध्ये होते. अशा खात्यांचं इनहेरिटन्स (ओयूवरच्या परवानग्या आपोआप खाली उतरणं) एडी स्वतःच तोडतं आणि दर ६० मिनिटांनी परवानग्या पुन्हा आपल्या साच्यात बसवतं, त्यामुळे तुमचं डेलिगेशन तिथवर पोचत नाही. ग्रुपमधून काढलं तरी तो १ तसाच राहतो. या दोघांना डोमेन अ‍ॅडमिनकडूनच हलवून घ्या.

पण मला काळजी वेगळीच आहे. तुमचे मेलबॉक्स क्लाउडवर आहेत का? असतील तर सिंक सर्व्हरवर (जो एडीतली खाती क्लाउडवर नेतो) ओयू फिल्टरिंगमध्ये नव्या ओयूंना टिक आहे का ते आज बघा, शनिवारी नाही. टिक नसलेल्या ओयूत युजर गेला की सिंकच्या दृष्टीने तो संपला, पुढच्या फेरीत क्लाउडवरचं खातं डिलीटेडमध्ये. फेरी दर ३० मिनिटांनी. खातं ३० दिवसांत परत आणता येतं, पण रविवारी सकाळी प्लांट हेडचा मेल बंद असताना हे त्यांना समजावून दाखवा.

आणि सिंकमधलं अपघाती डिलीटचं कुलूप मुळात ५०० वर लावलेलं असतं, म्हणजे एका फेरीत त्याहून जास्त खाती जायला लागली तरच ते अडवतं. तुमचे ४१२. कुलूप अडवणार नाही, सगळे शांतपणे जातील.

हलवायच्या आधी प्रत्येकाचा जीयूआयडी आणि जुना पत्ता एक्सपोर्ट करून ठेवा. पत्ता बदलेल, जीयूआयडी नाही, त्यावरूनच परत फिरता येतं.

धागाकर्ता:
जुनी_खुर्ची, तुमच्या पाया पडतो. सातपैकी चार ओयूंना टिक नव्हती. सिंकवाल्याला सांगितलं तर म्हणाला, "मला कोणी कळवलंच नाही." खरंच कळवलं नव्हतं, मीच.

शनिवारी पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्याने हलवले, साडेअकराला मोकळा. ग्रुप, मेल, शेअर फोल्डर सगळं जागच्या जागी. रविवारी पहिल्या पाळीला मात्र कॅन्टीनच्या कूपन मशीनने कोणालाच ओळखलं नाही. त्याच्या एलडॅप (एडीत खाती शोधायची पद्धत) सेटिंगमध्ये शोध सुरू करायची जागा म्हणून पुणे ओयूचा पत्ता ठोकून बसवलेला. तो डोमेनच्या मुळावर नेला तेव्हा मशीन चालू झालं. तोवर दीडशे जणांचा नाश्ता मी वहीत लिहून घेत होतो.